रेघेवरचं पाणी

१

गणपती आटोपले की अमेरिकेतल्या बेलव्ह्यूच्या ढोल-ताशा पथकाला शनिवार खायला उठायचा. उन्हाळाभर एका गोडाउनच्या पार्किंग लॉटमध्ये घाम गाळायचा, शेजाऱ्यांच्या तक्रारी झेलायच्या, तक्रार आल्यावर येणाऱ्या पोलिसांनाही पोहे खिलवायचे, आणि मिरवणूक संपली की एकदम हातांना काम नाही. त्यामुळे सत्यजित नावाचा नागपूरचा एक पीएच.डी.चा विद्यार्थी तिथे येऊन म्हणाला, "मला एका ठेक्यात हात हलवणारी डझनभर माणसं हवी आहेत," तेव्हा कशासाठी हेसुद्धा कुणी धड विचारलं नाही. सगळे हो म्हणून मोकळे झाले.

काम असं होतं. हजारो वर्षांपूर्वी, लोखंड नव्हतं आणि शीडही नव्हतं तेव्हा, माणसं अजस्र दगड समुद्रावरून कसे नेत असतील, हा सत्यजितच्या प्रबंधाचा विषय. कॉम्प्युटरवर त्याचं गणित कधीच सुटलं होतं. पण त्याच्या गाइडला गणित नको होतं. खरी होडी, खऱ्या दगडासकट, खाऱ्या पाण्यावरून समोरच्या बेटापर्यंत गेलेली हवी होती. होडी त्यानं दोन वर्षं खपून शिवली होती. म्हणजे खरोखरच शिवली होती: फळ्यांना भोकं पाडून दोरीनं टाके घातलेले, फटींत शेवाळं आणि चरबी ठासलेली, औषधालाही खिळा नाही. दगड मात्र साधा, एका खाणीतून विकत आणलेला. करडा, दीड टनाचा, ना कुणाच्या देवाचा ना कुणाच्या थडग्याचा.

आसावरीला हे सगळं फार आवडलं. ती एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंग करायची. दुसऱ्यांच्या कामातल्या चुका काढायचा पगार मिळत असल्यामुळे घरीही ती तो छंद पाळते, असं तिचा नवरा अनीश म्हणायचा. अनीश स्वभावानं इतका गरीब, की बाथटबमधला कोळीसुद्धा ग्लासात धरून बाहेर सोडायचा आणि वर त्याला सॉरी म्हणायचा. त्याला पोहता येत नव्हतं. पाणी बघितलं की तो दोन पावलं मागे सरायचा.

"तू जा ना," तो म्हणाला. "मी किनाऱ्यावर बसून फोटो काढतो."

"लाइफ जॅकेट असतं रे. आणि तू नाही आलास तर मी सगळा दिवस कुणाला बोलू?"

यावर तो हसला आणि आला. सत्यजितनं त्याला सुटकेची व्यवस्था दोनदा करून दाखवली. दगड होडीच्या मागच्या अर्ध्या भागात, चरबी लावलेल्या उतरत्या फळ्यांवर ठेवायचा. त्याला एकच जाड दोर धरून ठेवणार. दोराशेजारी एक छोटी कुऱ्हाड अडकवलेली.

"काही वेडंवाकडं झालं ना काका... सॉरी, अनीश, तर मी पहिल्यांदा हा दोर तोडणार," सत्यजित म्हणाला. "दगड घसरून सरळ पाण्यात. होडी हलकी. दगड काय, दुसरा मिळेल."

२

वीणाकाकू पथकातल्या सगळ्यांत मोठ्या. नातवंडं सांभाळायला म्हणून अमेरिकेत आल्या आणि ढोल वाजवायला लागल्या. कुणी नवी गाडी घेतली की तिच्या चाकांखाली लिंबं ठेवल्याशिवाय काकू ती जागची हलू देत नसत. पहिल्या शनिवारी तो दगड किनाऱ्यावर ठोकळ्यांवर ठेवलेला दिसला, तेव्हा त्यांनी कमरेवर हात ठेवले.

"एवढ्या जड पाहुण्याला घेऊन समुद्रात जायचं, आणि साधं हळदकुंकू नाही?"

मग काय, पर्समधून करंडा निघाला. कुणीतरी गाडीतून नारळ आणला. दगडावर कुंकवाची बोटं उठली, अक्षता पडल्या, पथकातल्या प्रथमेशनं ताशा कडकडवला, आणि परदेशातल्या त्या थंडगार किनाऱ्यावर सगळ्यांना एकदम भरून आलं. काकूंना तर चढतच गेलं. त्यांनी डोळे मिटले, दोन्ही हात दगडावर टेकले, आणि गणपती बसवताना गुरुजी म्हणतात ते मंत्र जसे आठवतील तसे, पण मनापासून म्हटले. देवाला यायला सांगितलं. बसायला सांगितलं. सत्यजितनं व्हिडिओ काढला. गाइडला असलं फार आवडतं, असं तो म्हणाला.

क्रेननं दगड होडीत ठेवला. प्रथमेश ताशा घेऊन पुढच्या टोकाला, सगळ्यांकडे तोंड करून बसला. बाकीचे दोन्ही कडांना, पुढे तोंड करून. सत्यजित अगदी मागे, दगडापाशी. आणि होडी चालली की! पथकाची माणसं ती, ठेका मिळाल्यावर त्यांना वेगळं काही शिकवावं लागलं नाही. लहानशा खाडीला एक फेरी मारून ते परतले तेव्हा अनीशसुद्धा हसत होता.

होडीच्या बाहेरच्या बाजूला सत्यजितनं लाल रंगाची एक रेघ मारली होती. दगड आणि सगळी माणसं बसली की पाणी तिथवर यायचं, असं त्याचं गणित. तेवढंच आलं होतं. सगळे उतरले, क्रेननं दगड उचलून पुन्हा ठोकळ्यांवर ठेवला, आणि मंडळी पुलावाच्या ट्रेकडे धावली. आसावरी बाटली राहिली म्हणून मागे वळली.

होडी रिकामी होती आणि पाणी अजून लाल रेघेवरच होतं.

"सत्यजित," तिनं हाक मारली. "हे बघ जरा."

त्यानं बघितलं. "लाकूड पाणी पितं," तो म्हणाला.

"दीड टन अधिक बारा माणसं, एवढं?"

"मग खाली गाळात टेकली असेल." त्यानं वल्हं होडीच्या बुडाशी सरळ खाली घातलं. वल्हं बुडालं, त्याचा हात कोपरापर्यंत बुडाला, तरी तळ लागला नाही. आसावरीनं आत वाकून हात फिरवला. आतल्या फळ्या कोरड्या होत्या. तेवढ्यात कुणीतरी जेवायला हाक मारली.

जेवून परत आल्यावर होडी तरंगत होती, रेघ चांगली वर, जशी असायला हवी तशी. आसावरीला हायसं वाटलं. तिच्या धंद्यात एक सोय असते: पुन्हा करून दाखवता येत नाही ती चूक चूकच नव्हे.

३

आठवड्याच्या मध्ये काकूंचा फोन आला. आवाज जरा ओशाळलेला.

"अगं, एक गडबड झाली बघ माझी. पुलावाच्या नादात उत्तरपूजा राहिली."

आसावरी मीटिंगमधून बाहेर येऊन बोलत होती. "म्हणजे काय होतं काकू?"

"होत काही नाही गं. पण बसवलेल्या देवाला निरोप द्यावा लागतो. अक्षता टाकायच्या, आणि जागेवरून हातानं जरासं हलवायचं. मग उचला, बुडवा, काय वाटेल ते करा. त्याआधी नाही करत."

"क्रेननं उचलून ठेवलाय की त्याला."

"क्रेननं हलवलेलं कसं धरायचं? माणसाचा हात लागायला हवा."

आसावरीनं हसू दाबलं. शनिवारी काकू अक्षता घेऊन हजर झाल्या. दगडाला निरोप देऊन झाला. मग त्यांनी पदर खोचला आणि दोन्ही हातांनी दगडाला रेटा दिला. दीड टनाचा दगड तो, हलणार कसला? काकू लाल झाल्या. सगळे हसायला लागले.

"अहो, नुसतं हलल्यासारखं करा आणि सोडा," प्रथमेश म्हणाला.

"तसं चालत नाही. या रे सगळे. लावा हात."

सगळ्यांनी हात लावले. पहार घातली. काकू ठोकळ्यापाशी वाकून, फटीत बोटं घालून, हलतोय का ते बघत होत्या. दगड उचलला गेला. आसावरीला तो तळहाताखाली स्पष्ट जाणवला, अगदी केसभर, एका कडेनं वर आलेला. मग कुणीही न सोडता तो परत बसला. नेमका होता तिथे.

सुपारी अडकित्त्यात सापडते तेव्हा होतो तसा आवाज झाला. काकू ओरडल्या नाहीत. त्या आपल्या उजव्या हाताकडे बघत होत्या, पण हात त्यांच्याकडे परत येत नव्हता. क्रेन चालू करून दगड उचलेपर्यंत सगळ्यांनी आपापल्या देवांची नावं घेतली. दोन बोटं गेली. ठोकळ्याला जे चिकटून राहिलं होतं, ते अनीशनं रुमालात गोळा केलं, बर्फात घातलं, आणि मग झाडामागे जाऊन तो भडाभडा ओकला.

ॲम्ब्युलन्समध्ये आसावरी काकूंजवळ बसली होती. काकूंचा चेहरा पांढराफटक पडला होता, पण आवाज नेहमीचा होता. गॅस बंद केलास का, असं विचारावं तशा आवाजात त्या म्हणाल्या, "आता त्याला पाण्यात सोडू नका हं. तो उठला नाहीये. काही झालं तरी त्याला नाही सोडायचं."

वेदनाशामक औषधानं माणूस काहीही बरळतो, असं आसावरीनं स्वतःला समजावलं. नर्सनंही मान डोलावली. पण हे वाक्य तिनं पथकात जाऊन सांगितलं. का सांगितलं, ते तिला कधीच कळलं नाही. सांगितल्यावर कुणी हसलं नाही.

४

युनिव्हर्सिटीच्या सुरक्षेवाल्यांनी खोदून खोदून चौकशी केली, आणि अपघात पूजेत झाला, प्रयोगात नाही, असं ठरवून परवानगी दिली. काकूंच्या जागी अनीशच्या ऑफिसातला देवांग आला. गडगडाटी हसणारा, दणकट माणूस.

या वेळी सगळे बसले तेव्हा पाणी रेघेच्या वर होतं. चांगलं दोन बोटं वर.

"देवांग, भाई, नाश्त्याला काय खाल्लंस?" प्रथमेशनं विचारलं.

"यार, फक्त दोन पराठे!"

सगळे हसले. सत्यजित हसला नाही. त्याचे ओठ हलत होते, आकडेमोड चालली होती. आसावरीनंही आपल्या परीनं केली. काकू बारीक, देवांग जाडा, ओल्या दोऱ्या, ओलं लाकूड, भरती-ओहोटी. तिनं प्रत्येक कारण घेतलं, तपासलं, आणि ठेवून दिलं. कुठलंच पुरेसं जड नव्हतं.

खाडीच्या मध्यावर देवांगच्या दंडात गोळा आला. त्यानं वल्हं मांडीवर ठेवलं आणि तो दंड चोळायला लागला. "एक मिनिट यार, क्रॅम्प आलाय."

त्याच्यापुढे अनीश बसला होता. आसावरीनं त्याला वळताना बघितलं. घाई नव्हती, राग नव्हता. त्यानं वल्हं दोन्ही हातांनी धरलं, मापात मागे नेलं, आणि त्याच्या पात्यानं देवांगच्या तोंडावर सपकन मारलं. ओठ फाटला. एक दात फळीवर टणकन उडाला. देवांग किंकाळी फोडून मागे पडला, आणि अनीश पुन्हा पुढे वळून वल्हवायला लागला.

प्रथमेशचा ठेका चुकला नव्हता. बाकीच्यांची वल्ही थांबली नव्हती. आसावरीचीसुद्धा नाही. किनारा लागेपर्यंत त्या होडीत देवांगच्या रडण्याशिवाय आणि ताशाशिवाय दुसरा आवाज नव्हता. उतरल्यावर मात्र एकच गोंधळ उडाला, जो तो अनीशला धरायला धावला, आणि अनीश आपल्या हातांकडे बघत वेड्यासारखा म्हणत राहिला, "सॉरी. सॉरी, सॉरी."

५

"तो नुसता बसला होता," घरी जाताना गाडीत अनीश म्हणाला.

"म्हणजे?"

"हात हलवत नव्हता. नुसतं वजन होता. आसावरी, मला त्या वेळी तो माणूस वाटलाच नाही गं." त्यानं खिडकीबाहेर तोंड वळवलं. "मी नाही येणार आता."

नाही येणार म्हणणारा तोच एकटा निघाला, हे विशेष. देवांगला चार टाके पडले होते, तरी त्याचा मेसेज आला: शेवटची फेरी कधी? सत्यजितच्या हातात तेवढाच शनिवार होता. त्यानंतर क्रेन मिळणार नव्हती, हवा बिघडणार होती, आणि गाइडनं निर्वाणीचं सांगितलं होतं.

आसावरीनं त्या आठवड्यात एक गोष्ट पाहिली. सकाळच्या मीटिंगमध्ये तिचं बोट टेबलावर वाजत होतं. एक जड ठोका, मग लांबलचक मोकळी जागा, मग पुन्हा एक. पथकात असला ठेका नव्हता. मिरवणूक असल्या ठेक्यावर एक पाऊल चालणार नाही. तिनं बोट मुठीत धरलं. संध्याकाळी स्वयंपाकघरात अनीश भांडी घासत होता, आणि कढईवर घासणी तशीच फिरत होती. एक घासणं, मग हात थांबलेला, मग पुन्हा एक. तो नळाच्या धारेकडे बघत होता.

तेव्हा तिनं म्हणायला हवं होतं, की बरोबर आहे तुझं, आपण दोघंही नको जाऊया. ती म्हणाली, "एक माणूस कमी पडलं तर त्या पोराची दोन वर्षं फुकट जातील. आणि मी आहे ना तुझ्या मागेच."

"नक्की?"

"अगदी मागे. हात लांबवला की लागेन."

तो आला. तिच्यासाठी आला, हे ती कुणालाही सांगेल.

६

निघाले तेव्हा लख्ख ऊन होतं. बेट इतकं जवळ दिसत होतं की त्यावरची झाडं मोजता आली असती. मागे सेफ्टी बोट होती, ग्रेग नावाचा एक म्हातारा ती चालवत होता. पाणी रेघेच्या किती वर आहे ते निघताना कुणी बघितलं नाही. सगळ्यांनी न बघायचं ठरवल्यासारखं केलं.

अर्ध्यावर धुकं आलं. आधी बेट गेलं, मग मागचा किनारा, मग ग्रेगच्या बोटीचा आवाज. वॉकीटॉकी खरखरली. ग्रेग सांगत होता, तुम्ही दिसत नाही, आहात तिथेच थांबा.

"थांबा!" सत्यजित मागून ओरडला.

कुणी थांबलं नाही. ताशा बदलला होता. एक जड ठोका, मग लांबलचक मोकळी जागा. प्रथमेशचे डोळे सगळ्यांच्या डोक्यांवरून कुठेतरी लागले होते, आणि वल्ही त्या ठोक्याला एकदम पडत होती, एकदम उठत होती. होडी भराभर चालली होती. इतक्या माणसांनी इतकी चालायला नको होती.

मग कडेवरून पाणी आत आलं. लाट नव्हती. होडी खाली गेली, इतकंच. बर्फासारखं पाणी आसावरीच्या मांडीवर सांडलं, आणि तिच्यापुढे अनीश ओरडला, "सत्यजित! दोर तोड! तोड दोर!"

सत्यजितनं कुऱ्हाड काढली.

प्रथमेशनं ताशा खाली ठेवला आणि तो उठला. ठेका चालूच राहिला. तो दोन्ही रांगांच्या मधून मागे आला. वाटेत दगड होता, तर त्याला पाय लागू नये म्हणून त्यानं पाय उंच उचलला, अंग चोरलं, सवयीनं छातीला हात लावून नमस्कारही केला. मग त्यानं कुणाचं तरी वल्हं घेतलं आणि सत्यजितच्या कानशिलावर घातलं.

कुऱ्हाड पाण्यात गेली. सत्यजित गुडघ्यांवर पडला. "अरे, मी आहे! मी आहे रे!" तो ओरडला, जणू ओळख पटली की झालं. मागच्या रांगेतली माणसं उठली. कोडिंग करणारी, मुलांना पियानोच्या क्लासला सोडणारी माणसं ती. वल्ही उठत होती आणि पडत होती, ठेका सोडून एकही नाही. लाकडाखाली काहीतरी फुटल्याचा आवाज आला. त्यांनी त्याला कडेवरून लोटलं. त्यानं कड धरली. देवांगनं त्याच्या हातांवर मारायला सुरुवात केली, त्याचा फाटलेला ओठ पुन्हा उकलला होता, हनुवटीवरून रक्त गळत होतं, आणि तो लहान मुलासारखा रडत मारत होता. हात सुटले.

होडी वर आली. आसावरीला ते पोटात कळलं, लिफ्ट वर निघताना कळतं तसं. आणि तिच्या मनात पहिला शब्द जो आला, तो होता: बरं झालं. तिनं तो शब्द ऐकला. ती हे काय म्हणाली? कोण म्हणालं हे?

तिनं मान पुढे वळवली. धुक्यात नारिंगी जॅकेटांच्या पाठी हलत होत्या. पुढची अनीशची. आणि अनीशच्या पुढची पाठ नारिंगी नव्हती. तिच्यावर काहीच नव्हतं. उघडी, ओली, मातकट पाठ, मणका न् मणका दिसणारी, चांगलं अंग चालवून काम करणारी. तिच्याही पुढे एक. दोन जॅकेटांच्या मध्ये जिथे म्हणून जागा होती, तिथे एकेक. खांद्याला खांदा लागेल इतकी ती होडी भरलेली होती.

पाणी पुन्हा कडेशी आलं. जवळच्या उघड्या पाठीनं वल्हं थांबवलं आणि तिची मान हळूहळू वळायला लागली. तो चेहरा आसावरीनं पाहिला नाही. कारण त्याआधी अनीश वळला. त्याचं वल्हं वर उचललेलं होतं. पाण्यातल्या सत्यजितला धरायला तो ते पुढे करणार असेल, असं ती आता म्हणते. तेव्हा तिनं असलं काहीच म्हटलं नाही.

तिनं मारलं. पात्याची धार त्याच्या कपाळावर बसली आणि तो बाजूला कलंडला. पाय वर झाले, अंग पाण्यात गेलं, आणि दोन्ही हात कडेला येऊन चिकटले. तेच हात, डाव्यावर तिनं दिलेलं घड्याळ. तिनं त्या हातांवर मारलं. हाड मोडलं की वल्ह्यातून तळव्याला कळत होतं. तो ओरडत नव्हता. रक्तातून तिच्याकडे बघत होता. तिनं आणखी मारलं, बोटं मागे वाकली, सुटली, आणि नारिंगी ठिपका धुक्यात मागे गेला.

होडी वर आली. काही वेळानं तिच्या बुडाखाली वाळू घासली. बेटावर ऊन पडलं होतं. दगड जागच्या जागी होता आणि त्याच्यावरच्या अक्षताही हलल्या नव्हत्या.

७

ग्रेगला अनीश निव्वळ योगायोगानं सापडला. जॅकेटनं त्याला तरंगत ठेवलं होतं. सत्यजितही सापडला, दोन दिवसांनी, खडकांत. नागपूरहून त्याचे आई-वडील निघाले होते.

पोलिसांना सगळ्यांनी एकच सांगितलं: मोठी लाट आली, दोघं पडले, खडकांवर आपटले. असं सांगायचं कुणी कुणाशी ठरवलं नव्हतं. वेगवेगळ्या खोल्यांत बसून शब्द मात्र तेच आले. शुद्धीवर आल्यावर अनीशनंही तेच सांगितलं. ऑफिसर नीट लिहून घेत होता. आसावरी दाराशी उभी राहून, तो आता खरं बोलेल, आता बोट दाखवेल, म्हणून वाट बघत होती. त्यानं दाखवलं नाही. दाखवायला बोट नव्हतंही, दोन्ही हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये होते.

ऑफिसर गेल्यावर ती आत येऊन पलंगाशी बसली. तिनं घरून वरण-भात कालवून आणला होता, अगदी मऊ. डबा उघडला आणि तिला रडू फुटलं. इतके दिवस आलं नव्हतं, ते सगळं आलं.

"अनीश, मी तुला..."

"माहितेय."

"मला कळत नव्हतं रे मी काय करतेय. तू मागे वळलास, सत्यजितला वाचवायला, आणि मी..."

"सत्यजितला नाही," अनीश म्हणाला.

तिनं वर बघितलं.

"तू वल्हवायची थांबली होतीस," तो म्हणाला. कपाळाच्या टाक्यांमुळे त्याला हळू बोलावं लागत होतं, आणि त्या हळू बोलण्यात त्याचा नेहमीचा गरीब, समजूतदार स्वर होता. "हात मांडीवर, नुसती बसली होतीस. मी त्याच्यासाठी नव्हतो गं वळलो. तू आधी मारलंस, इतकंच."

बाहेर कॉरिडॉरमधून कुणीतरी ट्रॉली ढकलत गेलं. आसावरीनं डोळे पुसले. भात निवत होता. तिनं चमचा भरला आणि पुढे केला. अनीशनं तोंड उघडलं, पण त्याचं लक्ष चमच्याकडे नव्हतं. तो तिच्या मांडीवर नुसत्या ठेवलेल्या दुसऱ्या हाताकडे बघत होता, आणि घास गिळून झाला तरी बघतच राहिला.